सावकाश वर या

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा-भद्रावतीपासून पार गडचिरोलीपर्यंत तळी, बोड्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव यांना तोटा नाही. या पाण्यात ढीवर-भोई समाजातली माणसं पिढ्यान्पिढ्या उतरत आली आहेत. अडकलेलं जाळं सोडवायचं असो, की बुडालेल्या माणसाचा शोध घ्यायचा असो, सगळं एका दमात. छाती भरून हवा घ्यायची, ओठ मिटायचे आणि खाली जायचं. पाण्याखाली जायचं म्हणजे दम धरायचा, हे आपल्याकडच्या पोरांना कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जायचं, त्या स्कूबा डायव्हिंगचा पहिला नियम मात्र बरोबर उलटा आहे: पाण्याखाली असताना श्वास कधीही रोखायचा नाही.

हा नियम असा उलटा का, हे समजून घ्यायला मी मुद्दाम एक टोकाची जागा निवडली आहे. अंदमानातलं बॅरन बेट. भारतातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी, आणि त्याच्या भोवतालच्या कोमट, नितळ पाण्यात स्कूबा करणारे जातात. ज्वालामुखी का उसळतो आणि घाईने वर येणारा पाणबुड्या लुळा का पडू शकतो, या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते उत्तर म्हणजे दाब.

आधी बेटाकडे पाहू. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या ईशान्येला सुमारे १३८ किलोमीटरवर, उघड्या समुद्रात हे बेट आहे. रुंदी जेमतेम तीन किलोमीटर. समुद्राच्या वर त्याची उंची तीनशे मीटरांच्या थोडी पुढे जाते. पण पाण्याखाली हाच डोंगर दोन हजार मीटरांहून खोल उतरत जातो. आपल्याला दिसतो तो नुसता शेंडा. जुन्या ज्वालामुखीचं तोंड ढासळून एक मोठं कडं तयार झालं आहे, आणि त्या कड्याच्या मधोमध नवा काळा शंकू उभा आहे. कडं पश्चिमेला फुटलेलं आहे, त्यामुळे लाव्हा त्या वाटेने समुद्राकडे उतरतो.

१७८७ साली इथल्या उद्रेकाची पहिली लेखी नोंद झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर ज्वालामुखी दीडशेहून जास्त वर्षं शांत राहिला, तो एकदम १९९१ साली जागा झाला. मग १९९४-९५, २००५ आणि पुढेही अधूनमधून. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं 'सिंधु संकल्प' हे जहाज समुद्रतळाचे नमुने घेत तिथे होतं. अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखालचे शास्त्रज्ञ जहाजावर असतानाच डोंगर राख ओकू लागला. दिवसा नुसते राखेचे ढग दिसत होते. सूर्य मावळल्यावर तोंडातून उडणारी लाल लाव्हाची कारंजी दिसली. सप्टेंबर २०२५ मध्येही छोटे उद्रेक झाले.

ज्वालामुखी इथेच का? भारताचा भूपट्ट या भागात ब्रह्मदेशाच्या भूपट्टाखाली तिरपा घुसतो आहे. घुसताना तो समुद्रतळाची ओली माती आणि खनिजांत बांधलेलं पाणी सोबत खाली नेतो. खोलवर तापल्यावर ते पाणी सुटतं आणि वरच्या गरम खडकात मुरतं. पाणी मुरलेला खडक कमी तापमानाला वितळतो. हा वितळलेला शिलारस वर चढू लागतो, तेव्हा पाण्याची वाफ आणि इतर वायू त्याच्यात विरघळलेलेच असतात. खाली दाब प्रचंड असल्यामुळे ते मुकाट राहतात. वर येता येता दाब घटतो, वायूचे बुडबुडे होतात, बुडबुडे फुगतात आणि शिलारसाला फोडून बाहेर पडतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तेच.

आपल्या भागालाही लाव्हा नवा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांची पूर्वेकडची कड आपल्याच जिल्ह्यांपर्यंत येते. वर्धा नदीपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या शिबला गावाजवळ लाव्हा थंड होताना आकसून बनलेले बेसाल्टचे कोनदार खांब आहेत. चंद्रपूरचे भूशास्त्र अभ्यासक सुरेश चोपणे यांनी २०२१ साली ते उजेडात आणले. तो लाव्हा वेगळ्या कारणाने आला होता, जमिनीच्या लांब भेगांतून. पण काळा खडक तोच, बेसाल्ट. बॅरनभोवती पाण्यात उतरणारा माणूस अशाच खडकाच्या कोवळ्या भावंडाजवळून पोहत असतो.

आता माणसाकडे येऊ. जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा एक वातावरण इतका दाब असतो. समुद्रात दर १० मीटरला त्यात आणखी एकाची भर पडते. १० मीटरवर दुप्पट, २० वर तिप्पट, ३० वर चौपट. आपलं शरीर बहुतेक पाण्याचंच असल्यामुळे हाडामांसाला हा दाब जाणवत नाही. त्रास होतो तो हवा भरलेल्या पोकळ्यांना: कान, नाकाभोवतीच्या पोकळ्या आणि फुप्फुसं. दाब दुप्पट झाला की बंद जागेतली हवा निम्म्या जागेत मावते. म्हणून खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, की घशातून हवा कानामागे जाते आणि पडद्यावरचा ताण सुटतो. हे दुखायला लागल्यावर नव्हे, त्याच्या आधीपासून, दर मीटरभराला करायचं. कान मोकळा होत नसेल तर थोडं वर यायचं. जबरदस्ती केली तर पडदा फाटतो.

यातली एक गोष्ट नवख्याला पटत नाही: सर्वांत मोठा बदल पहिल्या १० मीटरांतच होतो. तिथे हवेचं आकारमान अर्धं होतं. ३० वरून ४० मीटरवर जाताना ते एक चतुर्थांशावरून एक पंचमांशावर येतं, म्हणजे फरक थोडाच. त्यामुळे उथळ पाणी सुरक्षित हा समज स्कूबात चालत नाही. १० मीटरवर फुप्फुसं भरून घेतली, श्वास रोखला आणि तसेच वर आलात, तर ती हवा दुप्पट होऊ पाहते. फुप्फुसाला तेवढं फुगता येत नाही. ते फाटतं आणि हवेचा बुडबुडा रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. पुरुषभर पाण्यातही हे होऊ शकतं.

तळ्यातल्या ढीवराला हे का होत नाही? कारण तो वरूनच हवा घेऊन जातो. खाली ती आवळते, वर येताना पुन्हा मूळ आकाराची होते, त्याहून जास्त नाही. स्कूबा करणारा मात्र खाली, दाबाखालची हवा छातीत घेतो. सगळा फरक एवढाच आहे, आणि जीव त्याच्यावरच अवलंबून असतो.

ती हवा मिळते कशी, हे जरा निवांत पाहण्यासारखं आहे. पाठीवरच्या टाकीला सगळे ऑक्सिजन सिलिंडर म्हणतात, पण तिच्यात असते साधी हवा, गाळून कोरडी केलेली. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत ११ लिटर पाणी मावेल. त्यात हवा भरतात २०० बार दाबाने. म्हणजे मोकळ्या हवेच्या हिशेबात २२०० लिटर. एवढ्या हवेला वजनही असतं, अडीच किलोच्या वर. डुबकी संपत येते तेव्हा टाकी तेवढी हलकी झालेली असते आणि माणसाला वर ओढू लागते. कमरेच्या शिशाच्या वजनांचा हिशेब म्हणून डुबकीच्या शेवटाचा विचार करून करतात.

२०० बारची हवा थेट तोंडात घेता येणार नाही. टाकीच्या तोंडाशी बसवलेला रेग्युलेटरचा पहिला टप्पा दाब उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त इतका करतो. तोंडात धरायच्या दुसऱ्या टप्प्यात एक रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तुमचा श्वास. तुम्ही हवा ओढलीत की पडदा आत दबतो, एक छोटी दांडी रेटतो, झडप उघडते आणि बरोबर भोवतालच्या पाण्याइतक्या दाबाची हवा येते. ओढणं थांबलं की झडप मिटते. सोडलेला श्वास बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर जातो. झाक् कुवेस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ यांनी १९४३ साली ही व्यवस्था फ्रान्समध्ये घडवली, आणि आजही तिचं तत्त्व तेच आहे. मला या यंत्राचं मोठं कौतुक वाटतं: पाण्याचा दाब किती आहे हे त्याला कुणी सांगावं लागत नाही, पाणीच ते सांगतं.

खाण बचाव पथकात काम केलेल्या माणसाला इथे एक शंका येईल. भद्रावती तालुक्यात, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या माजरी क्षेत्राच्या आसपास, असे लोक आहेत. त्यांच्या पाठीवरच्या यंत्रात शुद्ध ऑक्सिजन असतो, सोडलेला श्वास रसायनातून गाळून पुन्हा वापरला जातो, आणि लहानशी बाटली कितीतरी वेळ पुरते. मग पाण्यात तेच का नाही? कारण दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन विषारी ठरतो. सुमारे सहा मीटरच्या खाली त्याने झटके येऊ शकतात, आणि पाण्याखाली झटका आला की तोंडातला रेग्युलेटर निसटतो. खाणीत प्राण वाचवणारी वस्तू समुद्रात प्राण घेऊ शकते.

हवा किती वेळ पुरेल? शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर हवा वापरतो असं धरू. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणून खर्च ६० लिटर. टाकीतले शेवटचे ५० बार राखीव ठेवायचे, ते गेले ५५० लिटर. उरले १६५०. भागिले ६०, म्हणजे सत्तावीस मिनिटं. ३० मीटरवर हाच हिशेब वीस मिनिटांवर येतो. घाबरलेला माणूस दुप्पट वेगाने श्वास घेतो आणि हा वेळ अर्धा करून टाकतो. घड्याळाइतकंच दाबमापकाकडे लक्ष ठेवायचं ते याचसाठी.

खरा कळीचा मुद्दा मात्र हवा संपण्याचा नाही, हवेतल्या नायट्रोजनचा आहे. हवेचा पाऊण भागाहून जास्त नायट्रोजन असतो. जमिनीवर तो फुप्फुसात येतो नि जातो, काही करत नाही. दाब वाढला की तो रक्तात आणि पेशींत जास्त विरघळू लागतो. ३० मीटरच्या आसपास काहींना त्याची नशा चढते, साधी बेरीज चुकते. थोडं वर आलं की ती उतरते. पण विरघळलेला साठा इतक्यात निघत नाही. सावकाश वर आलात तर तो फुप्फुसावाटे निघून जातो. झरकन वर आलात तर शिलारसातल्या वायूसारखाच जागच्या जागी बुडबुडे होऊन सुटतो: सांध्यांत, पाठीच्या कण्यात, रक्तवाहिन्यांत. सांधे असह्य दुखतात, पाय लुळे पडतात, कधी माणूस दगावतो. कोळशाच्या थरात दाबाखाली अडकलेला मिथेन कोळसा फोडल्यावर सुटतो, तीही याच कुळातली गोष्ट.

हे सगळं ज्याने नियमात बसवलं तो माणूस खाणींचाही अभ्यासक होता, हे कोळशाच्या पट्ट्यातल्या वाचकाला सांगितलंच पाहिजे. जॉन स्कॉट हाल्डेन. कोळसा खाणीतल्या स्फोटांनंतर माणसं भाजून नव्हे तर बहुतेक कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे त्याने १८९६ साली दाखवलं. हा वायू वेळीच कळावा म्हणून खाणीत छोटे पक्षी नेण्याची सूचनाही त्याचीच. पुढे ब्रिटिश नौदलासाठी त्याने बकऱ्यांना दाबाच्या कोठीत ठेवून प्रयोग केले. दाब फार लवकर उतरवला की बकरी दुखरा पुढचा पाय उचलून धरी. त्यातून १९०८ साली किती खोलवरून, कोणत्या टप्प्यांनी वर यावं याची कोष्टकं तयार झाली. आज मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर जो हिशेब मांडतो त्याची मुळं तिथे आहेत. त्याचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन १९५७ साली भारतात आला, इथलाच नागरिक झाला आणि भुवनेश्वरला वारला. दाबाखालच्या श्वासाचे धोकादायक प्रयोग त्याने स्वतःच्या अंगावर केले होते.

आता प्रत्यक्ष बॅरनच्या पाण्यात. बेटावर पाय ठेवायला सामान्य माणसाला परवानगी नाही. ते अभयारण्य आहे. फार पूर्वी कुणी सोडलेल्या बकऱ्यांची रानटी झालेली पिढी तिथे राहते. स्कूबासाठी बहुधा स्वराज द्वीप, म्हणजे जुन्या हॅवलॉककडून, परवानगी घेऊन बोटी जातात. समुद्र शांत असतो तो साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात. बोट लावतात ती लाव्हा उतरतो ती बाजू टाळून.

बोटीच्या कडेवर पाठ समुद्राकडे करून बसायचं, मुखवटा आणि रेग्युलेटर हाताने दाबून धरायचे आणि मागे कोसळायचं. बुडबुडे विरले की पहिल्यांदा जाणवते ती नितळता. तीस मीटरपर्यंत सहज दिसतं. या बेटावरून मोठी नदी वाहत येत नाही, आसपास गाळ नाही, आणि लगेचच पाणी अतिशय खोल आहे, म्हणून. मग खाली काळी वाळू दिसते, कुटलेल्या लाव्हाची. तिच्यावर सूर्याची तिरीप हलते, पण ती पांढऱ्या वाळूसारखी उजेड परतवत नाही. उतार थोडा वेळ चालतो आणि कडा येतो. कड्यावरून पुढे गेलं की खाली फक्त निळा अंधार.

ही जागा नवख्यासाठी नाही असं मी म्हणतो ते या कड्यामुळे. तारकर्लीत खाली सात-आठ मीटरवर तळ असतो. चुकून बुडालात तर वाळूवर टेकाल. इथे तळ नाही. तरंगणं पूर्ण तुमच्या हातात. अंगातल्या जाकिटात थोडी हवा भरली की वर, सोडली की खाली. बारीक फेरफार तर श्वासानेच करायचा असतो. खाली जाताना पोशाखातला फेसाळ रबर आवळतो, तुम्ही आणखी जड होता, आणखी वेगाने खाली जाता. काळ्या भिंतीजवळ हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून नजर वारंवार खोलीमापकावर हवी.

भिंत मात्र जिवंत असते. घट्ट बेसाल्ट, स्वच्छ पाणी आणि भरपूर ऊन, प्रवाळाला एवढंच लागतं. इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर १९८८ च्या उद्रेकात समुद्रात उतरलेल्या लाव्हावर पाचेक वर्षांत दाट प्रवाळ उभं राहिल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. बॅरनलाही लाव्हाच्या जुन्या ओघांवर पंख्यासारखी, टेबलासारखी, गोळ्यांसारखी प्रवाळं आहेत, आणि नशीब असेल तर मांटा रे हा मोठा चपटा मासा अंगावरून संथ निघून जातो. पंधरा मीटरवर सगळं निळं-करडं दिसतं, कारण पाणी लाल रंग आधी गिळतं. विजेरी लावली की तीच करडी फांदी एकदम शेंदरी होते. हात मात्र लावायचा नाही. काही प्रवाळं वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, आणि नुसत्या बोटानेही त्यांना इजा होऊ शकते.

पाणी कोमट असतं, साधारण २७ ते ३० अंश. ज्वालामुखीमुळे ते तापतं असा समज होतो, तो खरा नाही. ही उष्ण कटिबंधातल्या समुद्राची ऊब आहे. ज्वालामुखीची धग लाव्हाच्या वाटेजवळ, किनाऱ्यालगतच जाणवते. चंद्रपूरच्या ४६-४७ अंशांत मे महिना काढणाऱ्याला २८ अंश म्हणजे गारवा वाटेल, आणि तो खरोखरच आहे: पाणी हवेपेक्षा वीसपटींहून वेगाने अंगातली ऊब काढून नेतं. तीन मिलिमीटरचा पोशाख घालूनही तासाभरात हुडहुडी भरते. प्रवाळाला उलट भीती गरमीची आहे. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की ती पांढरी पडतात. २०१० साली अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं.

वर येणं हा डुबकीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नाही. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, मग उरलेलं अंतर अगदी हळू. सबंध वेळ श्वास चालू. तरीही बुडबुड्यांचा त्रास झालाच, तर रुग्णाला ऑक्सिजन देऊन दाबाच्या कोठीत न्यावं लागतं, जिथे दाब पुन्हा वाढवून तासन्तास हळूहळू उतरवतात. बॅरनवरून अशा कोठीपर्यंत पोहोचायला आधी समुद्रातले बरेच तास लागतात. इथे चूक करायला जागा नाही, ती या अंतरामुळे.

मग भद्रावतीच्या माणसाने सुरुवात कुठून करावी? आपल्याच राज्यातून. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. कुडाळ स्टेशनवर उतरून तिथे जाता येतं. मालवणच्या किल्ल्याजवळ प्रशिक्षक हात धरून नेतो आणि फोटो काढून देतो ती चाखून पाहायची डुबकी, प्रशिक्षण नव्हे. त्या फोटोवर भरवसा ठेवून कुणी बॅरनला जाऊ नये. ओपन वॉटर अभ्यासक्रमात काही दिवस वर्ग, तलाव आणि समुद्र असं शिकवतात. तो झाला की १८ मीटरपर्यंत जाता येतं. पुढच्या अभ्यासक्रमाने ३० मीटर. त्यानंतर निरनिराळ्या पाण्यात बऱ्याच डुबक्या, आणि मगच कडा.

अभ्यासक्रमाला नाव नोंदवण्याआधी दोन गोष्टी इथे घरीच होऊ शकतात. न थांबता २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगत राहणं, एवढं यायला हवं. आणि डॉक्टरांची तपासणी. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन यांतलं काही असेल तर ते अर्जात लपवू नका. खाणीत वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या माणसाने तर छातीची तपासणी केल्याशिवाय पाण्यात उतरूच नये.

परतीचा एक हिशेब राहिला. विमान उंच गेलं की आतला दाब जमिनीपेक्षा कमी होतो, म्हणजे शरीराला ते आणखी वर येणंच. म्हणून अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं. अंदमानचा शेवटचा दिवस कोरडा ठेवा आणि विमानाचं तिकीट त्याच्या दुसऱ्या दिवसाचं काढा. चेन्नईहून पुढे बल्लारशापर्यंत रेल्वेच आहे. तिथे ही अडचण नाही.